हुजूर, मजूर आणि बाकीचे

‘ब्रिटन हे द्विपक्ष पद्धतीचे उत्तम उदाहरण होय’ हे वाक्य आपल्याकडच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे चालत आले आहे. परीक्षेत ते लिहिणाऱ्याला गुणही मिळतात. वर्गात मी ते फळ्यावर लिहिले की शेजारी एक आकडा मांडत असे : १९५१, ९७ टक्के. त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देणाऱ्या शंभरांतल्या सत्त्याण्णव जणांनी हुजूर पक्षाला किंवा मजूर पक्षाला मत दिले होते. (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ‘हुजूर’ आणि लेबरला ‘मजूर’ ही नावे जुन्या मराठी वृत्तपत्रांनी रुळवली. ती इतकी चपखल आहेत की मी तीच वापरणार आहे.) जुलै २०२४ च्या निवडणुकीत हाच आकडा ५७ वर आला. दर पाच मतदारांपैकी दोघांहून अधिकांनी दोन्ही मोठ्या पक्षांकडे पाठ फिरवली. तरी कॉमन्स सभागृहातल्या ६५० जागांपैकी ५३२ जागा याच दोघांकडे राहिल्या.

हे कसे होते ते मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, बाकीच्यांची मते वाया, ही पद्धत आपणही ब्रिटनकडूनच घेतली. पण आपल्याकडे प्रादेशिक पक्ष आपापल्या राज्यात घट्ट पाय रोवून असल्यामुळे तिचा काच तितकासा जाणवत नाही. ब्रिटनमध्ये तो उघडा दिसतो. २०१५ मध्ये युनायटेड किंग्डम इंडिपेन्डन्स पार्टी, म्हणजे ‘युकिप’, हिला ३८ लाख ८१ हजार मते पडली आणि जागा मिळाली एक. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मते आणि ५६ जागा. उत्तर आयर्लंडच्या डेमॉक्रॅटिक युनियनिस्टांना दोन लाखांपेक्षाही कमी मते आणि आठ जागा. मते देशभर पातळ पसरली तर ती मातीत जिरतात, एका कोपऱ्यात साचली तर त्यांचे तळे होते.

हा हिशेब पाहिला की वाटते, ब्रिटनमधले लहान पक्ष हौसेखातरच निवडणुका लढवत असावेत. इतिहास मात्र वेगळे सांगतो. गेल्या दीडशे वर्षांत त्या देशाची घटनात्मक मांडणी ज्या ज्या गोष्टींनी हलली, म्हणजे आयर्लंडचा प्रश्न, लॉर्ड्स सभागृहाच्या अधिकारांना लागलेली कात्री, स्कॉटलंड-वेल्सची स्वतंत्र विधिमंडळे, युरोपातून बाहेर पडणे, त्या प्रत्येकीच्या मुळाशी स्वतःच्या बळावर सत्तेवर येण्याची शक्यता नसलेला एखादा पक्ष सापडतो. मोठ्या पक्षाला तो कधी एका रात्रीपुरता हवा असतो, कधी त्याची धास्ती वाटत असते. लहान पक्षाचे वजन मोजायचे तर ही गरज आणि ही धास्ती मोजावी लागते, असे माझे मत आहे.

सुरुवात आयरिशांपासून करावी लागते. १८८५ मध्ये पार्नेलच्या आयरिश पक्षाने ८६ जागा जिंकल्या. उदारमतवादी आणि हुजूर यांच्यातले अंतरही नेमके तितकेच होते. ग्लॅडस्टनने पुढल्याच वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक आणले, त्यावरून त्याचा स्वतःचा पक्ष फुटला आणि सरकार गेले. १८९२ ला तो पुन्हा पंतप्रधान झाला तो ८१ आयरिश खासदारांच्या टेकूवर. हीच ती निवडणूक, जिच्यात मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी म्हणून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. दादाभाईंच्या मागोमाग आणखी दोन मुंबईकर पारशी कॉमन्समध्ये गेले : १८९५ ला मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाकडून आणि १९२२ ला शापुरजी सकलातवाला, जे पुढे १९२४ मध्ये उघडपणे कम्युनिस्ट म्हणून बॅटरसीतून जिंकले. एकाच शहरातली, एकाच समाजातली तीन माणसे आणि तीन पक्ष! ब्रिटिश पक्षपद्धतीचा एवढा आटोपशीर नमुना मला दुसरीकडे सापडलेला नाही.

स्वराज्याचे दुसरे विधेयक १८९३ मध्ये कॉमन्सने मंजूर केले आणि लॉर्ड्सनी ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. आयरिशांनी ही गोष्ट विसरली नाही. १९१० च्या दोन निवडणुकांत दोन्ही मोठ्या पक्षांना जवळजवळ सारख्या जागा मिळाल्या, सरकारची किल्ली पुन्हा आयरिशांच्या हाती आली, आणि १९११ च्या कायद्याने लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून त्यांना विधेयक केवळ लांबवण्याची मुभा उरली. वंशपरंपरेने बसलेल्या सभागृहाचे दात इंग्लंडमधल्या जनतेइतकेच डब्लिन-कॉर्कच्या खासदारांनी पाडले, हे इंग्रज लेखक जरा हळू आवाजात सांगतात.

मजूर पक्ष तेव्हा स्वतः ‘बाकीच्यां’त होता. १९०० मध्ये तो जन्मला तेव्हा त्याचे दोन खासदार होते. १९०३ मध्ये हर्बर्ट ग्लॅडस्टन आणि रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी गुपचूप समझोता केला. काही मतदारसंघांत उदारमतवाद्यांनी उमेदवार द्यायचा नाही, मजुरांना वाट मोकळी करून द्यायची. १९०६ मध्ये मजुरांचे २९ जण आले. उदारमतवाद्यांना वाटले, फुटणारी मते वाचली. १९२४ मध्ये मॅक्डोनल्ड पंतप्रधान झाला आणि त्याच वर्षअखेरीच्या निवडणुकीत उदारमतवादी ४० जागांवर आले. तेव्हापासून ब्रिटनच्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या मनात ही कथा पक्की बसली आहे : लहान पक्षाला जागा सोडू नये. त्याचा मुद्दा उचलावा.

मुद्दा उचलणे ही मोठ्या पक्षांची खरी कला. हुजूर आणि मजूर हे दोन्ही पक्ष म्हणजे एकेका छपराखाली नांदणारी चार-चार कुटुंबे आहेत. प्रमाणशीर प्रतिनिधित्व असलेल्या देशांत आघाड्या निवडणुकीनंतर होतात, इथे त्या आधीच पक्षाच्या पोटात झालेल्या असतात. त्यामुळे बाहेरच्या एखाद्या लहान पक्षाने चार टक्के मते खाल्ली की आतल्या एखाद्या कुटुंबाला बळ येते, आणि ते घरातल्यांना सांगू लागते, ‘पाहिलंत? आम्ही म्हणत नव्हतो?’

*

२०१४-१५ मध्ये संशोधनाच्या निमित्ताने मी वर्षभर कार्डिफला होतो. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल तर त्याला तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर मी मे २०१५ मध्ये पेन्सिलीने मतपत्रिकेवर फुली मारली. शाई नाही, शिक्का नाही, दोरीला बांधलेली पेन्सिल! मतपत्रिका इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत होती. रस्त्यावर ‘सावकाश’ हा शब्दसुद्धा दोन भाषांत रंगवलेला असतो. टीव्हीवर एक पूर्ण वाहिनी वेल्शमध्ये. या सगळ्यामागे कोण, असे विचारत गेलो आणि प्लाइड कम्री या पक्षापाशी पोचलो. वेस्टमिन्स्टरमध्ये या पक्षाचे चारांहून अधिक खासदार आजवर एकदाही झालेले नाहीत.

त्याचा पहिला खासदार ग्विन्फोर एव्हान्स १९६६ मध्ये कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत निवडून आला. पुढल्या वर्षी स्कॉटलंडमध्ये हॅमिल्टनची मजुरांची बळकट जागा विनी यूइंग या बाईंनी स्कॉटिश नॅशनल पार्टीसाठी घेतली. एवढ्या दोन पोटनिवडणुकांनी मजूर सरकार इतके हादरले, की १९६९ मध्ये राज्यघटनेचा विचार करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. स्कॉटलंड-वेल्सना स्वतःची विधिमंडळे देण्याची सरकारदरबारी चर्चा तिथून सुरू झाली. ती मिळायला १९९९ उजाडले.

पण प्लाइड कम्रीची मला सर्वांत भावलेली कामगिरी घटनेबिटनेशी संबंधित नाही. ती पाटीच्या दगडाची आहे. उत्तर वेल्समध्ये स्लेटच्या खाणी होत्या. जगभरच्या छपरांना आणि शाळेच्या पाट्यांना तिथला दगड जात असे. तो कापताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झालेले असल्याने तिथल्या आजारी कामगारांसाठी १९७४ मध्ये भरपाईची योजना आली. स्लेटच्या खाणी मात्र खाजगी आणि एकेक करून बंद पडत चाललेल्या. डिनॉर्विकची प्रचंड खाण १९६९ मध्ये बंद झाली. मालकच उरला नाही, तर दावा कोणावर लावायचा? माणसे घरी बसून धापा टाकत होती.

मार्च १९७९ मध्ये जेम्स कॅलॅहनचे मजूर सरकार अल्पमतात होते. स्कॉटलंडच्या विधिमंडळावर १ मार्चला सार्वमत झाले. बाजूने जास्त मते पडली, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही. चिडलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने अविश्वासाची भाषा केली, मागोमाग विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी ठराव दिला आणि २८ मार्चची तारीख ठरली. दोन्ही बाजूंचे प्रतोद एकेक मत मोजत होते. उत्तर आयर्लंडच्या युनियनिस्टांना खूश करण्यासाठी त्या प्रांताच्या जागा १२ वरून वाढवण्याचे सरकारने आधीच मान्य केले होते. दोन युनियनिस्ट सरकारकडे आलेही, पण त्याच सवलतीमुळे बेलफास्टचा गेरी फिट, जो एरवी मजुरांचा हक्काचा माणूस, दुरावला. फ्रँक मॅग्वायर नावाचे एक अपक्ष खासदार, जे सभागृहात क्वचितच दिसत, ते आयर्लंडहून मुद्दाम आले आणि आपण ‘जातीने हजर राहून तटस्थ’ राहणार आहोत असे सांगून कोणालाच मत न देता बसले. संसदेतल्या उपाहारगृहाच्या नोकरांचा त्या रात्री संप होता, त्यामुळे खासदार उपाशीपोटी. सर आल्फ्रेड ब्रॉटन हे मजूर खासदार यॉर्कशरमध्ये मरणाच्या दारात होते. त्यांना रुग्णवाहिकेतून आणावे का, यावर खल झाला आणि नको असे ठरले. पाच दिवसांनी ते वारले.

प्लाइड कम्रीच्या तिघा खासदारांनी आपली किंमत आधीच सांगितली होती. त्यांना मंत्रिपद नको होते, महामंडळही नको होते. स्लेट कामगारांच्या भरपाईचा कायदा हवा होता. सरकारने तो मान्य केला आणि तिघांनी सरकारच्या बाजूने मत दिले.

सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. आणि तरीही संसद विसर्जित होण्यापूर्वीच्या त्या थोड्या दिवसांत, ४ एप्रिलला, तो कायदा मंजूर झाला. स्लेटबरोबर धुळीचे इतर रोगही त्याच्या कक्षेत आले. त्यांत सुती गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही आहे, ज्याचे नाव गिरणगावात वाढलेल्या वाचकांनी दवाखान्याच्या कागदावर वाचले असेल. भरपाईच्या रकमा वाढवण्याचे नियम आजही संसदेपुढे येतात. तीन मतांत हे मिळाले. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या अकरा मतांनी काय मिळवले? ती सरकारच्या विरोधात गेली, तेव्हा कॅलॅहन सभागृहात म्हणाले होते की नाताळ लवकर यावा म्हणून टर्की कोंबड्यांनी मत दिल्याचे हे पहिलेच उदाहरण. मे महिन्यातल्या निवडणुकीत अकराचे दोन झाले आणि विधिमंडळाचा प्रश्न अठरा वर्षांसाठी फडताळात गेला.

त्या निवडणुकीत ग्विन्फोर एव्हान्सही हरला. पण त्याचे राजकारण संपले नाही. वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी देण्याचे हुजूर पक्षाने जाहीरनाम्यात कबूल केले होते. सत्तेवर आल्यावर सरकारने शब्द फिरवला. खासदारकी गेलेल्या, साठी उलटलेल्या एव्हान्सने १९८० च्या मे महिन्यात जाहीर केले : ६ ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसतो. उपोषणाचे शस्त्र आपल्याला नवे नाही, पण ते ‘माघार घेणाऱ्यांतली मी नाही’ असे ऐटीत सांगणाऱ्या थॅचरबाईंवर चालले, हे विशेष. सप्टेंबरमध्येच सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी सुरू झाली. कार्डिफच्या खोलीत मी ती पाहत असे. एक अक्षर कळत नसे.

*

आता उलटे उदाहरण. १९८१ मध्ये मजूर पक्षाच्या चार माजी मंत्र्यांनी बाहेर पडून सोशल डेमॉक्रॅटिक पक्ष काढला आणि उदारमतवाद्यांशी युती केली. १९८३ ला या युतीला २५.४ टक्के मते आणि २३ जागा मिळाल्या. मजुरांना २७.६ टक्के आणि २०९! पुढे दोघांचे विलीनीकरण होऊन लिबरल डेमॉक्रॅट झाले, पण डेव्हिड ओवेन यांनी जुन्या नावाने एक तुकडा चालू ठेवला. त्या तुकड्याचा शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० च्या बूटल पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला १५५ मते पडली. ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी’, म्हणजे सरळसरळ वेड्यांचा पक्ष, तिचा उंच टोपीवाला गायक डेव्हिड सच याला ४१८. काही दिवसांत ओवेन यांनी दुकान बंद केले. जाता जाता : याच सचने १९६३ मध्ये अठराव्या वर्षी मताधिकार मागत पोटनिवडणूक लढवली होती. त्या वेळी लोक हसले. १९६९ मध्ये तसा कायदा झाला. सचमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

लिबरल डेमॉक्रॅटांना प्रत्यक्ष सत्ता मिळाली २०१० मध्ये. ५७ खासदार, उपपंतप्रधानपद, पाच मंत्री. विद्यापीठांची फी वाढू देणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्या उमेदवारांनी सह्या करून दिली होती. सरकारात गेल्यावर फीची मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. ज्या गोष्टीसाठी सत्तेत गेलो असे ते सांगत, त्या मतदानपद्धतीच्या बदलावर मे २०११ मध्ये सार्वमत झाले. तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर नव्हे, पसंतीक्रमाच्या एका मिळमिळीत पर्यायावर. ६८ टक्के लोकांनी नको म्हटले. २०१५ ला पक्षाचे आठ खासदार उरले. सरकारने केलेल्या चांगल्या गोष्टींचे श्रेय हुजुरांनी घेतले, वाईटाचे खापर यांच्यावर. आघाडीतला धाकटा भाऊ होणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

युकिपने यातले काहीच केले नाही. त्याला कोणी सत्तेत घेतले नाही, त्याने सरकार तोलले नाही. १९९३ मध्ये एका इतिहासाच्या प्राध्यापकाने, अ‍ॅलन स्केड यांनी, तो स्थापला. त्याला दार उघडून दिले ते मजूर सरकारने. १९९९ पासून युरोपीय संसदेच्या निवडणुका ब्रिटनमध्ये प्रमाणशीर पद्धतीने होऊ लागल्या आणि युकिपचे तिघे निवडून गेले. त्यांत नायजेल फराज होते. ज्या संस्थेतून देशाने बाहेर पडावे असे ते म्हणत, तिथलेच पगार-भत्ते, तिथलेच व्यासपीठ त्यांना वीस वर्षे मिळत राहिले. कॉमन्ससाठी ते सात वेळा उभे राहिले आणि सातही वेळा पडले. २००६ मध्ये डेव्हिड कॅमेरन यांनी या पक्षाच्या लोकांना चक्रम, माथेफिरू आणि छुपे वंशद्वेष्टे म्हटले होते. जानेवारी २०१३ मध्ये त्याच कॅमेरननी, आता पंतप्रधान म्हणून, युरोपात राहायचे की नाही यावर सार्वमत घेण्याचे वचन दिले. मधल्या सात वर्षांत युकिपने कॉमन्सची एकही जागा जिंकलेली नव्हती! पण हुजूर खासदारांना आपापल्या मतदारसंघात त्याने खाल्लेली दोन-तीन हजार मते दिसत होती. त्यांच्या पोटातले युरोपविरोधी कुटुंब जोरात आले होते. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत युकिप २४ जागा घेऊन पहिला आला. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

मला यात एक गोष्ट खटकते, आणि ती युरोपविषयीच्या मतभेदाच्या पलीकडची आहे. स्लेटच्या कायद्यात कोणी काय मागितले आणि कोणी काय दिले, हे सगळे नोंदीत आहे. सार्वमताच्या बाबतीत मागणाऱ्या पक्षावर अंमलबजावणीची जबाबदारी कधीच आली नाही. बाहेर पडायचे म्हणजे आयर्लंडच्या सीमेचे काय करायचे, हे त्याला कोणी सभागृहात उभे करून विचारू शकले नाही. त्याचा एकुलता खासदार मार्च २०१७ मध्ये पक्ष सोडून गेला होता. मतदारांनाही त्याला हरवून शिक्षा देता येईना. ज्याच्याकडे जागाच नाहीत त्याला पाडणार कसे? ‘आमची पद्धत टोकाच्या पक्षांना बाहेर ठेवते’ असे तिचे समर्थक सांगत. ती त्यांना बाहेर ठेवत होती हे खरेच, पण प्रश्नोत्तराच्या तासाच्याही बाहेर ठेवत होती.

सीमेचा प्रश्न शेवटी दुसऱ्याच लहान पक्षाच्या गळ्यात आला. २०१७ मध्ये थेरेसा मे यांचे बहुमत गेले आणि डेमॉक्रॅटिक युनियनिस्टांच्या दहा खासदारांनी त्यांना तारले. बदल्यात उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंड, म्हणजे खासदारामागे दहा कोटी. पुढे मे यांचा करार त्यांनी हाणून पाडला. नंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी मालतपासणीची रेषा आयरिश समुद्रातच नेऊन टाकली, जी या पक्षाला सर्वांत नकोशी होती. पैसे घेतले आणि सीमा गमावली.

*

२०२४ च्या आकड्यांकडे परत जातो, कारण त्यांत पुढचे बरेच लपलेले आहे. मजुरांना ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. त्यांना एकूण मते ९७ लाख पडली. २०१७ मध्ये हाच पक्ष १ कोटी २८ लाखांहून अधिक मते घेऊन हरला होता. फराज यांच्या नव्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के आणि पाच जागा. आठव्या खेपेला फराज स्वतः क्लॅक्टनमधून निवडून आले. लिबरल डेमॉक्रॅटांना १२.२ टक्क्यांवर ७२ जागा, २०१० च्या जवळजवळ निम्म्या मतांत पंधरा जास्त, कारण त्यांनी हुजुरांना पाडता येईल अशा निवडक जागांवरच जीव लावला. रिफॉर्मने दर जागेमागे सुमारे आठ लाख वीस हजार मते मोजली, मजुरांनी तेवीस-चोवीस हजार.

हे पाहून ब्रिटनमधले काही मजूर समर्थक निर्धास्त होते. त्यांनी स्कॉटलंडकडे पाहायला हवे होते. तिथे स्कॉटिश नॅशनल पार्टीला २०१० मध्ये वीस टक्के मते आणि सहा जागा होत्या. २०१५ ला पन्नास टक्के झाली, तर ५९ पैकी ५६ जागा आल्या आणि मजूर ४१ वरून एकावर आले. २०२४ ला तीस टक्के उरली, तेव्हा नऊ जागा. ही पद्धत लहान पक्षाला एका उंबरठ्यापर्यंत दाबून ठेवते. तो ओलांडला, की तीच त्याला उचलून डोक्यावर घेते आणि कालच्या मोठ्याला खाली दाबते. १९२४ च्या उदारमतवाद्यांना हे समजले होते. पाच पक्षांत मते वाटली गेली की हा उंबरठा आणखी खाली येतो. मग तीस टक्क्यांच्या आसपासही काम होते.

मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमधल्या दहा परिषदा रिफॉर्मच्या ताब्यात आल्या. आता तिथल्या रस्त्यांचे खड्डे, शाळेच्या बसगाड्या आणि वृद्धांच्या देखभालीचा खर्च यांबद्दल लोक त्यांना विचारू लागले आहेत.